गुळाचा रवा आणि जप्तीचा पंचनामा



मागच्या हंगामात पलीकडच्या गावात एका गुऱ्हाळावर अधिकारी आले. साखरेची पोती सापडली, पांढऱ्या पावडरीचा डबा सापडला, पंचनामा झाला आणि तयार रवे सील झाले. संध्याकाळी पारावर तोच विषय. "ऊस आमचा, काहील आमची, जळण आमचं, मग सरकार आमचा गूळ जप्त करतंच कसं?" एक मामा म्हणाले, "आमच्या काळी असलं काय नव्हतं बाबा." मी तिथं गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर मामांच्या आज्याच्या काळीसुद्धा 'असलं' होतं. फक्त ते शहरात होतं, खेड्यात आलं नव्हतं. खराब अन्न सरकारनं उचलून न्यायचं हा हक्क कुठनं आला आणि तो आपल्या गुऱ्हाळाच्या दारापर्यंत कसा पोचला, ते आज सवडीनं लिहितोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

भेसळ करणाऱ्याला दंड ही गोष्ट फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ, औषध यांत तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मालाची मिसळ केली तर 12 पण दंड सांगितलाय. पण तो दंड माणसाला. माल तसाच बाजारात राहिला तर खाणाऱ्याचं काय?

इंग्रजांचा कायदा आला तेव्हाही हीच गोची राहिली. भारतीय दंड संहिता 1860 ची, लागू झाली 1 जानेवारी 1862 ला. तिचं कलम 272 भेसळीचं आणि 273 खाण्यास अयोग्य झालेला माल विकण्याचं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1860 साली हजार रुपये म्हणजे माणूस उठायचा. तोच आकडा दीडशे वर्षं जागचा हलला नाही. 2024 ला नवीन न्याय संहिता लागू झाली तेव्हा तो पाच हजार झाला. पण खरी अडचण आकड्यात नव्हती. विकणाऱ्याला माल घातक आहे हे *ठाऊक होतं*, हे सिद्ध करायला लागायचं. आता कोण कबूल करणार? आणि खटला उभा राहीपर्यंत माल लोकांच्या पोटात गेलेला असायचा.

विलायतेतली एक घटना इथं सांगण्यासारखी आहे. 1858 साली ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसेक माणसं मेली, दोनशेच्या वर आजारी पडली. झालं असं, की त्या काळी तिथं साखर महाग. गोळ्या करणारे साखरेत प्लास्टर ऑफ पॅरिससारखी पांढरी भुकटी खपवायचे. औषधवाल्याच्या दुकानातल्या पोरानं चुकून त्या भुकटीऐवजी सोमल दिला. त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. लोक खवळले, आणि 1860 ला तिथं भेसळीचा पहिला कायदा झाला. गंमत बघा, तिथं साखर महाग म्हणून साखरेत भुकटी. आपल्याकडं साखर गुळापेक्षा स्वस्त पडली की गुळात साखर. भेसळीला तत्त्व नसतं, फक्त दर असतो.

पण माल उचलायचा हक्क आला तो दुसऱ्या वाटेनं, आरोग्य खात्याच्या वाटेनं. इंग्लंडच्या 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं अधिकाऱ्याला सडकं मांस, मासे, फळं, भाजी, धान्य बघायचा आणि जप्त करून न्यायाधीशापुढं न्यायचा अधिकार दिला. न्यायाधीशानं बघायचं आणि नष्ट करायचा हुकूम द्यायचा. तेच रोप मुंबईत लावलं गेलं. मुंबई महानगरपालिकेचा 1888 चा कायदा आजही चालू आहे. त्यातली 413 पासूनची कलमं काढून बघा. विक्रीला ठेवलेलं अन्न तपासायचा आणि अयोग्य दिसलं तर जप्त करायचा अधिकार आयुक्ताला. नाशवंत माल असेल तर लगेच नष्ट करायचा, तोही अशा रीतीनं की तो पुन्हा विक्रीला येता कामा नये. खर्च मालकाच्या डोक्यावर.

"पुन्हा विक्रीला येता कामा नये" हे शब्द कायदा लिहिणाऱ्यानं उगाच घातलेले नाहीत. उकिरड्यावर टाकलेला माल रात्रीत उचलून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेठेत मांडणारे तेव्हाही होते. म्हणून आजसुद्धा जप्त माल नष्ट करताना त्यावर फिनेल ओततात, नाहीतर खड्डा काढून पुरतात.

या जुन्या जप्तीला प्रयोगशाळा लागत नव्हती. नाक आणि डोळा पुरत होता. मासा सडला की वास येतो, भाजी कुजली की पाणी सुटतं. पण दुधात पाणी आणि तुपात चरबी नाकाला कळत नाही. त्यासाठी वेगळे भेसळ कायदे आले. मुंबई इलाख्यात 1899 चा, आणि त्याच्या जागी 1925 चा मुंबई भेसळ प्रतिबंधक कायदा. मद्रास, बंगाल, पंजाब सगळ्यांचे आपापले वेगळे. एका प्रांतात भेसळ ठरलेला माल शेजारच्या प्रांतात राजरोस विकला जायचा. संस्थानांचं तर आणखी वेगळं.

याच सुमारास अमेरिकेत एक चमत्कारिक पद्धत रुळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1906 च्या त्यांच्या अन्न कायद्यात सरकार माणसावर नाही, थेट *मालावर* खटला भरू शकत होतं. खटल्याचं नावच तसं असायचं: अमेरिका सरकार विरुद्ध अमुक इतकी पिंपं. कोका-कोलाची चाळीस पिंपं आणि वीस लहान पिपं अशीच कोर्टात आरोपी होती, 1916 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्याआधी 1911 ला अंड्यांचा खटला गाजला. बेकरीसाठी परराज्यातनं आणलेली फोडलेल्या अंड्यांची डबाबंद खेप, टिकावी म्हणून तिच्यात बोरिक ॲसिड. सरकारनं 50 डबे जप्त केले. मालक म्हणाला, माल आता माझ्या कोठारात आलाय, प्रवास संपला, तुमचा हक्कही संपला. कोर्ट म्हणालं, नाही. वाईट माल कुठंही असला तरी तो वाईटच, जप्त होणार. मालकाला ठाऊक होतं की नव्हतं हा प्रश्नच बाजूला पडला. आपल्या 273 ची जी गोची होती, तिच्यावर त्यांनी असा तोडगा काढला.

आता आपल्या मातीत येऊ.

कोल्हापूर हे संस्थान. 1891 ला मिरजेहून रेल्वे आली, 1895 ला शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं एकवटला. पंचगंगेकाठचा ऊस, चुलवाणावर रात्रभर उकळणारी काहील, गुळव्याच्या हातातला चट्टू, वाफ्यात ओतलेला पाक आणि सकाळी बैलगाडीतनं पेठेत निघालेले 30 किलोचे रवे हे चित्र त्या पेठेनं उभं केलं. तिथं गुळाची परीक्षा एकच, सौद्यातली. दलाल रवा फोडायचा, कणी बघायचा, रंग बघायचा, तुकडा जिभेवर ठेवायचा. वाईट गुळाला शिक्षा म्हणजे पडेल भाव. याच्यापेक्षा कडक शिक्षा शेतकऱ्याला त्या काळी कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचे कायदे इथं आले. पाचेक वर्षांनी सगळ्या देशाला एकच कायदा झाला: 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, लागू 1 जून 1955 पासून. जुन्या लोकांच्या बोलण्यात जो 'फूड इन्स्पेक्टर' येतो, तो या कायद्याचा. त्यानं नमुना घ्यायचा तर त्याची किंमत मोजायची. नमुन्याचे तीन भाग करून सील करायचे. सुरवातीला एक भाग मालकाला, एक पब्लिक ॲनालिस्टला म्हणजे सरकारी रसायनतज्ञाला, आणि एक कोर्टासाठी. जागेवर पंच बोलवायचे. संशयित माल उचलून न्यायचा, नाहीतर मालकाच्याच ताब्यात सील करून ठेवायचा. ते सील तोडलं तर आणखी एक गुन्हा. 1964 च्या दुरुस्तीनं किमान सहा महिने कैद आली, आणि मग किराणा दुकानदार फूड इन्स्पेक्टरच्या मोटारसायकलच्या आवाजाला दचकायला लागले.

या कायद्यात माणसाला ठाऊक होतं की नाही याला फारसं महत्त्व उरलं नाही. माल मानकात बसला नाही की भेसळ. आणि मानक कागदावर आकड्यात आलं. गुळाचं असं होतं: कोरड्या वजनावर एकूण साखर किमान 90 टक्के, त्यात सुक्रोज किमान 60 टक्के, पाण्यात न विरघळणारी घाण जास्तीत जास्त 2 टक्के, राख जास्तीत जास्त 6 टक्के, ओलावा 10 टक्क्यांच्या आत. गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, 70 पीपीएमच्या आत. म्हणजे किलोमागं 70 मिलिग्रॅम.

कृषी पदवीवाल्या मित्रांनो, हे आकडे जरा निरखून बघा. सुक्रोज *किमान* सांगितलंय. गुळात साखर घातली तर सुक्रोज वाढतं, राख कमी होते. म्हणजे साखर घातलेला गूळ या तक्त्यात अस्सल गुळापेक्षा सुद्धा सरस उतरू शकतो! म्हणून तर अधिकारी गुऱ्हाळावर आल्या आल्या काहिलीत बघत नाहीत, आधी कोपऱ्यात साखरेची पोती आहेत का बघतात. तक्त्याला न सापडणारा गुन्हा पोत्यातनं सापडतो. वनस्पती तुपाच्या बाबतीत मात्र सरकारनं आधीच हुशारी केली होती. त्यात 5 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. का? तर तिळाच्या तेलाला एका साध्या परीक्षेत लालभडक रंग येतो. कुणी डालडा लोण्याच्या तुपात मिसळला की तीळ बोलतो. मालातच साक्षीदार बसवून ठेवला. साखरेत असा कुणी तीळ बसवता येईल का, हे संशोधकांनी बघायला पाहिजे.

आता *खराब होणं* आणि *भेसळ* यांतला घोळ. 1954 च्या कायद्यानं कुजलेला, सडलेला, किडका माल सुद्धा 'भेसळयुक्त' याच शब्दात घातला. म्हणजे कुणी काही मिसळलं नाही, नुसती कीड लागली, तरी कायद्याच्या भाषेत भेसळ. यावर दिल्लीचा काजूचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. किडके काजू विकले म्हणून महापालिकेनं दुकानदाराला धरलं होतं. 1975 ला कोर्ट म्हणालं, नुसती कीड दिसली म्हणून भागत नाही, माल खायला अयोग्य झाला होता हे दाखवा. चारेक वर्षांनी तसल्याच दुसऱ्या खटल्यात त्याच कोर्टानं उलटा अर्थ लावला: कीड आहे ना, मग पुरे. सगळा वाद एका 'किंवा'वर. शेंगा, हरभरा, तांदूळ साठवणाऱ्याचा जीव त्या 'किंवा'त अडकलेला.

एप्रिल 1976 ला लागू झालेल्या दुरुस्तीत शेतकऱ्याच्या कामाची एक ओळ आली. शेतातनं आलेला, नैसर्गिक रूपातला माल निसर्गाच्या कारणानं, माणसाच्या हाताबाहेरच्या कारणानं मानकाखाली गेला, तर ती भेसळ धरायची नाही. पाऊस पडला, दाणा बारीक राहिला, तर तो गुन्हा नाही. चांगली ओळ आहे. पण 'नैसर्गिक रूपातला' हे शब्द बघा. ऊस त्यात बसतो. गूळ बसत नाही. रस काढला, चुना टाकला, भेंडीचं पाणी टाकलं, मळी काढली, 116-118 अंशांपर्यंत आटवला, की तो 'प्रक्रिया केलेला अन्नपदार्थ' झाला. बाजार समितीत तो शेतमाल, तपासणीत तो कारखान्याचा माल. पारावरच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आपण शेतकरी म्हणून काहिलीत रस ओततो आणि वाफ्यात पाक ओतेपर्यंत कायद्याच्या लेखी उत्पादक झालेलो असतो.

खराब गुळाची एक कथा मात्र अन्न कायद्याच्या बाहेर घडली. गूळ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो, पाघळतो, त्याला बुरशी आणि आंबटपणा येतो. माणसाच्या खाण्यातनं गेलेला हा गूळ कुठं जातो हे सगळ्यांना माहीत आहे. जनावराला थोडा, बाकीचा हातभट्टीला. मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि 1949 च्या मद्यनिषेध कायद्यात पुढं 'कुजका गूळ' हा शब्दच घालावा लागला, त्याच्या व्यवहारावर बंधनं आली. म्हणजे खराब झालेलं अन्न इथं खाणाऱ्याच्या काळजीनं नाही, पिणाऱ्याच्या काळजीनं पकडलं जायचं. गुजरातनं हाच कायदा पुढं चालवला. तिकडच्या बातम्यांत 'अखाद्य गोळ' पकडल्याचं आजही वाचायला मिळतं. आपला चांगला गूळही जास्त करून गुजरातलाच जातो. एकाच मुलखात आपल्या पिवळ्या रव्याला मान, आणि काळ्या गुळाच्या मागं पोलीस.

हा पिवळेपणाच मुळावर आला. व्यापाऱ्याला फिका, सोनेरी रंग पाहिजे. अस्सल गूळ जमिनीप्रमाणं रंग धरतो. खारवट जमीन, नत्राचा जादा डोस, उशिरा तोडलेला किंवा आडवा पडलेला ऊस, यांचा गूळ काळसर आणि मऊ येतो. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानं को 92005 सारखं गुळाला चांगलं वाण पुढं आणलं, भेंडीच्या रसानं मळी काढायची रीत समजावून सांगितली. पण सौद्यात रंगाला क्विंटलमागं जो फरक पडतो, त्याच्यापुढं ही शिकवण लंगडी पडली आणि हायड्रॉस आलं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. चमचाभर टाकलं की पाक उजळतो. पण तो उजळपणा टिकत नाही. काही आठवड्यांत गूळ परत काळवंडतो आणि आत गंधक ठेवून जातो. माझं स्पष्ट मत लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे. हायड्रॉस वापरणारा दोषी आहेच, पण सौद्यात निव्वळ रंगावर बोली वाढवणारा तितकाच दोषी आहे, आणि त्याच्या गाळ्यावर पंचनामा झालेला मी अजून बघितलेला नाही.

2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 ला लागू झाला आणि 1954 चा गेला. यात शेतकऱ्याला चक्क सूट आहे. शेतकरी, शेतीची कामं आणि शेतावरचा शेतमाल यांना हा कायदा लागू नाही असं कलम 18 मध्ये लिहिलंय. 'प्राथमिक अन्न' याची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे: शेतमाल नैसर्गिक रूपात, पण शेतकरी *सोडून दुसऱ्याच्या* हातात असलेला. भुईमुगाची तीच शेंग माझ्या खळ्यावर असेपर्यंत कायद्याला दिसत नाही, अडत्याच्या गाळ्यात गेली की दिसते. गुऱ्हाळाला मात्र ही सूट नाही. नोंदणी किंवा परवाना लागतोच.

कडकपणाचं स्वरूपही बदललं. कमी प्रतीचा माल निघाला तर आता जेल नाही, पण दंड पाच लाखांपर्यंत. खाण्यास असुरक्षित ठरला तर मात्र कैद आहे. नमुन्याचे आता चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं. चौथा भाग मालकानं मागितला तर त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. तो मागायला लागतो, हे गुऱ्हाळमालकांनी ध्यानात ठेवा. विश्लेषकानं 14 दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनाम्यात किती रवे, किती वजन, कुठं ठेवले, हे स्वतः वाचून सही करा, आणि प्रत घ्या.

पलीकडच्या गावातल्या त्या गुऱ्हाळावर परवा जाऊन आलो. साखरेची पोती नेलेली आहेत. सील केलेले रवे मालकाच्याच खोपीत ठेवलेत, त्याच्याच ताब्यात, हात लावायचा नाही या अटीवर. अहवाल आलाय, सुनावणी बाकी आहे. पहिला पाऊस पडून गेला होता. रव्यांना घाम सुटलाय, खालच्या रांगेतल्या दोन रव्यांचा रस कापडातनं झिरपून जमिनीवर आलाय, मुंग्यांची रांग लागलीय. छाप्याच्या दिवशी जो गूळ हळदीसारखा पिवळा होता म्हणून पकडला गेला, तो आता चहासारखा तांबूस झालाय. मालक म्हणाला, "दादा, आता ह्यो गूळ बघितला तर कोण म्हणंल ह्यात पावडर हाय?"

लाखेचं सील मात्र जसंच्या तसं आहे.